पंडिता रमाबाईंची पहिली शाळा

१८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंची पहिली शाळा म्हणजे त्यांची आई. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत हिंडले. स्थिर घर नव्हते. तरी कामाला लागण्यापूर्वी, भल्या पहाटे आई रमेला उठवून श्लोक पाठ करून घेई. दुष्काळात आईवडील गेले. विद्या मात्र उरली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. १९२२ साली त्या निवर्तल्या.

मला यात अनंतशास्त्री मोठे वाटतात. त्यांनी आधी आईला शिकवले. सानपाड्यात आमच्या घरी कॉलेजात जाणारी मी पहिलीच. म्हणून रोज रात्री मी आईला अक्षरे शिकवते. धाकट्याचा अभ्यास उद्या तीच घेईल.