पदवी नसलेला प्राध्यापक

बँकेच्या खिडकीपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत आज संगणकाचा संचार आहे. त्याला आधारभूत असलेल्या तर्कगणिताचा जनक मात्र विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधीच चढला नव्हता.

जॉर्ज बूल यांचा जन्म १८१५ साली इंग्लंडमधील लिंकन येथे, जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. वडिलांना धंद्यापेक्षा दुर्बिणींचा नाद अधिक. धंदा बुडाला आणि सोळाव्या वर्षी कुटुंबाचा भार मुलावर आला. त्यांनी शिक्षकाची नोकरी पत्करली, एकोणिसाव्या वर्षी स्वतःची शाळा काढली आणि फावल्या वेळात उच्च गणित स्वतःच आत्मसात केले. १८४४ साली रॉयल सोसायटीने त्यांच्या निबंधाला सुवर्णपदक दिले. १८४९ साली आयर्लंडमधील कॉर्क येथील नव्या क्वीन्स कॉलेजने त्यांना गणिताचे पहिले प्राध्यापक नेमले. पुढे ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला, त्या मेरी या भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी होत.

१८५४ च्या ग्रंथात बूल यांनी विधानांना बीजगणिताची चिन्हे दिली आणि संयुक्त विधानाचे भाग वेगळे करण्याची रीत सांगितली. नोकरीची जाहिरात घ्या: उमेदवार पदवीधर हवा, आणि तो अनुभवी किंवा प्रशिक्षित हवा. पदवीच्या जागी १ मांडा. ‘अनुभवी किंवा प्रशिक्षित’ एवढाच भाग उरतो. ० मांडा, सारे विधानच शून्य होते. कोणतीही अट अशी दुभागता येते. आजच्या संगणकाच्या आज्ञावलीही गुंतागुंतीच्या अटी याच रीतीने सोडवितात.

१८६४ साली पावसात भिजत, सुमारे तीन मैल चालत जाऊन बूल यांनी ओल्या कपड्यांनिशी वर्गात व्याख्यान दिले. त्यातून जडलेल्या आजारात एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९३७ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी विजेच्या स्विचांच्या मंडलांना हेच बीजगणित लागू केले. वरील रीत पुष्कळदा शॅनन यांच्याच नावाने ओळखली जाते, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल.

विद्येचे मोल तत्काळ उपयोगावर ठरविणाऱ्यांनी ही मधली त्र्याऐंशी वर्षे ध्यानी घ्यावीत. आणि आपल्या निवड समित्यांनी वरील जाहिरात पुन्हा एकदा वाचावी. पदवीची अट तीत पहिली आहे. बूल यांच्याच गणिताने बूल यांचा अर्ज शून्य ठरतो. दोष गणिताचा नव्हे. अटी कोणत्या असाव्यात हे गणित ठरवीत नाही. ते माणसांनाच ठरवावे लागते.