निर्मल हृदय
मदर तेरेसा यांचा जन्म १९१० साली स्कोप्ये येथे झाला. १९२९ मध्ये त्या भारतात आल्या व पुढे कोलकात्यात शिक्षिका झाल्या. १९५२ साली त्यांनी कालीघाटच्या मंदिरालगतच्या धर्मशाळेत मरणासन्नांसाठी ‘निर्मल हृदय’ हे सेवागृह उघडले. रस्त्यावर पडलेल्या निराधारांना तेथे स्नान, अन्न आणि मायेचा स्पर्श मिळे. अंत्यसंस्कार ज्याच्या त्याच्या धर्मानुसार होत. आपण कोणालाच नकोसे आहोत, ही व्यथा मदरना रोगाहून दारुण वाटे. १९७९ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र तेथे प्रभावी वेदनाशामके दिली जात नाहीत, अशी टीका १९९४ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी केली. १९९७ साली मदरचे निधन झाले. शरीराच्या वेदनेला औषध हवे, मनाच्या वेदनेला माणूस. खऱ्या शुश्रूषेत दोन्ही आवश्यक असतात, हे या कार्यातून आणि त्यावरील टीकेतूनही उमगते.