‘समाजस्वास्थ्य’कार रघुनाथराव कर्वे

धारवाडच्या मालमड्डीतील आमच्या जुन्या घरी एक कुलूपबंद फडताळ असे. १९५६ पर्यंत धारवाड मुंबईच्या कारभाराखाली होते, त्यामुळे पुण्यामुंबईची मासिके आमच्याकडे टपालाने येत. त्यांपैकी ‘समाजस्वास्थ्य’ तेवढे फडताळात जाई. वडिलांच्या पश्चात मी ते उघडले आणि त्याचे संपादक प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांची मला खरी ओळख झाली.

महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२ चा, मुरुडचा. मॅट्रिकला ते पहिले आले, फर्ग्युसनमधून पदवीधर झाले आणि पुढे गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. या मतांपायी त्यांना विल्सन कॉलेजातील जागा सोडावी लागली. पत्नी मालतीबाईंनी या कार्यात त्यांना साथ दिली. उभयतांनी मूल होऊ न देण्याचे स्वेच्छेने ठरविले होते.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. त्यावर अश्लीलतेचे खटले झाले, दंडही भरावा लागला. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला, पण मासिक थांबले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव निवर्तले, तोवर ते चालू होते.

संततिनियमनासाठी त्यांचे नाव घेतले जाते; परंतु गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले, हे थोड्यांस ठाऊक असते. रोग हा रोग आहे, पापाची शिक्षा नव्हे. तो टाळण्याची साधने तरुणांस ठाऊक हवीत. आणि पुरुषास मोकळीक व स्त्रीस बंधन हा न्याय नव्हे, अशी त्यांची भूमिका होती.

हे वाचताना मला आमच्या आत्याबाई आठवल्या. त्यांना हुबळीस दिले होते. यजमान लग्नापूर्वीपासूनच बाहेरख्याली. तरुणपणी असे चालायचेच, म्हणून घरच्यांनी काणाडोळा केला. त्यांना जडलेला रोग साऱ्यांस माहीत होता. आत्याबाईंस मात्र कोणी सांगितले नाही. परमा स्त्रीच्या शरीरात पुष्कळदा लक्षणांवाचून राहतो आणि उपचार न झाल्यास मूल होण्याची वाटच बंद करू शकतो. पेनिसिलिन तेव्हा आले नव्हते. आत्याबाई वांझ ठरून माहेरी परतल्या आणि हळदीकुंकवाच्या दिवशी माजघरात बसून राहिल्या. त्यांच्या बाबतीत नेमके काय घडले, हे आज कोण सांगणार? पण विचारावे, तपासून घ्यावे, एवढेही कोणास सुचले नाही. आणि ज्या घरात त्या बसत, त्याच घरात ते फडताळ होते!

आज परमा आणि उपदंश औषधाने बरे होतात, एच.आय.व्ही. औषधांनी ताब्यात राहतो, निरोधाने पुष्कळसा धोका टळतो. सरकारी जिल्हा रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत मिळतात. तरीही मुलाने फुशारकी मारावी आणि मुलीने गप्प राहावे, ही रीत आपल्या जुन्या घरांतून गेली आहे असे मला वाटत नाही. माझी नात यंदा धारवाडातच कॉलेजात गेली. तिच्या भावासह तिला जवळ बसवून मी त्या फडताळाची किल्ली त्यांच्या हाती दिली.