डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन

कांजूरमार्गाहून मध्य रेल्वेच्या गाडीने दक्षिणेकडे निघाले, म्हणजे काही स्थानकांनंतर परळ लागते. तेथील के. ई. एम. रुग्णालयात १९२६ सालापासून गोरगरिबांची शुश्रूषा होत आली आहे. हेच रुग्णालय डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन यांची कर्मभूमी होय. त्यांचा जन्म १९१५ साली एका बंगाली कुटुंबात झाला. शल्यवैद्य व अध्यापक म्हणून त्यांनी मुंबईत मोठा लौकिक मिळविला.

हृदयातून रक्त बाहेर नेणाऱ्या नळ्यांना रोहिणी म्हणतात. प्रत्येक ठोक्यासरशी हृदय जोराने रक्त लोटते. तो जोर सोसता यावा म्हणून रोहिणींच्या भिंती जाड व लवचीक असतात. नवल असे, की हृदयाच्या कप्प्यांत अष्टौप्रहर रक्त खेळत असूनही त्याच्या जाड स्नायूला त्यातून पुरेसे पोषण मिळत नाही. ते त्याला स्वतःच्या दोन लहान रोहिणींतूनच मिळते. त्या बुजल्या, की रक्ताने भरलेले हृदयच रक्तावाचून तडफडते.

अशा हृदयाला रक्त कसे पोचवावे, याचा सेनांना ध्यास लागला. सर्पाच्या हृदयाचा स्नायू स्पंजासारखा असून कप्प्यातील रक्त सरळ त्यात शिरते, हे त्यांनी हेरले. मग मनुष्याच्या हृदयस्नायूलाही सुईने बारीक छिद्रे पाडून तशी वाट का देऊ नये? १९६५ साली त्यांनी सहकाऱ्यांसह हे प्रयोग प्रसिद्ध केले. ही छिद्रे कालांतराने बुजतात, असे पुढे आढळले; तरी नंतरच्या शल्यवैद्यांनी तीच कल्पना लेझर किरणांच्या साहाय्याने आजमावली.

जे हृदय कोणत्याही उपायाने सुधारत नाही, ते बदलण्याचा प्रयत्न डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झाला. सेनांनीही प्राण्यांवर प्रयोग करून तयारी केली होती. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. परंतु रोगी काही तासांतच दगावला. त्याच वर्षी केलेला दुसरा प्रयत्नही निष्फळ ठरला. इतर देशांतही बहुतेक रोगी फार काळ जगले नाहीत.

१९८२ साली सेन निवर्तले. पुढे १९९४ साली दिल्लीत हृदयारोपण यशस्वी झाले. ते यश पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पण त्या वाटेवरचे पहिले पाऊल त्यांचे होते. अपयशाच्या भयाने त्यांनी ते मागे घेतले नाही, हेच त्यांचे मोठेपण होय.