विश्लेषण : वायपरची कल्पना कोणाला सुचली? मेरी अँडरसन यांच्या हाती त्यातून काय आले?

पुण्याच्या चांदणी चौकातून मुळशीच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात भूगाव लागते. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी ताम्हिणीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग इथूनच पुढे सरकते. शहरात रिमझिम असलेला पाऊस भूकूम, पिरंगुट, पौड मागे टाकता टाकता वाढत जातो आणि मुळशी धरणाच्या पुढे तर काचेवर बादल्या ओतल्यासारखा कोसळतो. वायपरचे रबर संपले आहे हे अनेक चालकांच्या लक्षात येते ते नेमके तिथे, जिथे दुकानही नसते आणि थांबायला जागाही. ज्या वस्तूकडे वर्षातले आठ महिने कोणी पाहत नाही, तिची कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वी एका महिलेने मांडली होती. ती ना अभियंता होती, ना कारखानदार. मेरी अँडरसन यांचे आयुष्य आणि त्यांनी केलेला आराखडा पाहिला, तर आजच्या वायपरची निगा कशी राखावी हेही त्यातून उलगडते.

मेरी अँडरसन कोण होत्या?

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यातील ग्रीन काउंटीमध्ये १९ फेब्रुवारी १८६६ रोजी मेरी यांचा जन्म झाला. अमेरिकी यादवी युद्ध संपून तेव्हा वर्षही झाले नव्हते. मेरी चार वर्षांच्या असतानाच, १८७० मध्ये वडिलांचे निधन झाले. आई, मेरी आणि बहीण फॅनी अशा तिघींचा संसार मागे राहिलेल्या मालमत्तेच्या उत्पन्नावर चालला. १८८९ मध्ये हे कुटुंब त्याच राज्यातील बर्मिंगहॅम शहरात आले. लोखंड आणि पोलादाच्या कारखान्यांमुळे हे शहर तेव्हा झपाट्याने वाढत होते. अँडरसन कुटुंबाने तिथे भाड्याने देण्यासाठी ‘फेअरमाँट अपार्टमेंट्स’ ही इमारत बांधली.

मेरी एवढ्यावर थांबल्या नाहीत. १८९३ मध्ये त्या कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे गेल्या आणि तिथे त्यांनी गुरांचा मळा व द्राक्षबाग चालवली. आजारी मावशी-आत्यांची काळजी घेणे हे त्या काळी अविवाहित मुलींच्याच वाट्याला येई. मेरीही घरातील अशाच एका आजारी वृद्धेच्या देखभालीसाठी १८९८ मध्ये बर्मिंगहॅमला परतल्या. त्यांनी लग्न केले नाही. इमारतीचा कारभार पाहणे, भाडेकरूंशी व्यवहार करणे, खर्चाचा मेळ घालणे हेच त्यांचे शिक्षण होते. यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते.

कल्पना कुठे सुचली?

१९०२ च्या सुमारास हिवाळ्यात मेरी न्यूयॉर्कला गेल्या होत्या. पावसात मिसळलेला ओला बर्फ पडत होता आणि त्या ट्राममधून प्रवास करत होत्या. ट्रामच्या पुढच्या बाजूला अनेक तावदानांची खिडकी होती. बर्फाने काच झाकली गेली की चालकाला समोरचे काहीच दिसत नसे. मग तो तावदान उघडून, बोचरा वारा आणि बर्फ तोंडावर झेलत गाडी हाकत होता. काच बंद ठेवावी तर दिसत नाही आणि उघडावी तर चालक व प्रवासी दोघेही गारठतात, अशी ती कोंडी होती.

हे दृश्य त्या शहरातील हजारो प्रवासी रोज पाहत असतील. त्रास चालकाचा आहे, असे मानून बहुतेकांनी ते सोडून दिले. काच बाहेरून पुसायची, पण हात आतच ठेवायचा, असा विचार मेरी यांनी केला. गावी परतल्यावर त्यांनी आराखडा तयार करून घेतला आणि स्थानिक कारखान्याकडून नमुनाही बनवून घेतला.

पेटंटमध्ये नेमके काय होते?

१८ जून १९०३ रोजी मेरी यांनी अर्ज केला आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना अमेरिकेचे पेटंट क्रमांक ७,४३,८०१ मिळाले. नाव साधे होते : खिडकी साफ करण्याचे साधन. गाडीच्या आत चालकाच्या हाताशी एक दांडी, तिला जोडलेला काचेबाहेरचा हात आणि त्या हातावर रबराची पट्टी. चालकाने आतली दांडी फिरवली की बाहेरचा हात काचेवरून सरकून बर्फ व पाणी बाजूला करी. पट्टी काचेला चिकटून राहावी म्हणून दाब देण्याची सोय होती. हवामान चांगले असेल तेव्हा हे सारे साधन काढून ठेवता येत होते.

रबराची कड, काचेवर सारखा दाब आणि चालकाच्या हाती असलेले नियंत्रण या तीन गोष्टींवर आजचा वायपरही उभा आहे. काच पुसण्याची साधने सुचवणारे त्या काळात आणखीही काही जण होते. पण प्रत्यक्षात चालणारे आणि पेटंट मिळालेले साधन म्हणून श्रेय बहुधा मेरी यांच्याच नावावर नोंदले जाते.

मग ते विकले का गेले नाही?

१९०३ मध्ये मोटार ही श्रीमंतांची हौस होती. हेन्री फोर्ड यांची कंपनी त्याच वर्षी जून महिन्यात स्थापन झाली होती आणि सर्वसामान्यांच्या आवाक्यात आलेली ‘मॉडेल टी’ यायला अजून पाच वर्षे होती. अनेक मोटारींना पुढची काचच नसे. त्यामुळे काच पुसणाऱ्या यंत्राला गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न उद्योजकांना पडणे स्वाभाविक होते.

१९०५ मध्ये मेरी यांनी कॅनडातील माँट्रियलच्या एका व्यापारी पेढीकडे हक्क विकण्याचा प्रस्ताव पाठवला. विक्रीची जबाबदारी घ्यावी एवढे व्यापारी मूल्य या वस्तूला नाही, अशा आशयाचे उत्तर आले. काचेवर हलणाऱ्या पट्टीने चालकाचे लक्ष विचलित होईल, अशीही शंका तेव्हा घेतली गेल्याचे सांगितले जाते. स्त्रियांना मतदानाचा हक्कही नसलेल्या त्या काळात, ओळखीपाळखीचे पाठबळ नसलेल्या एका महिलेच्या यंत्राला कारखानदार मिळणे किती अवघड होते, याची कल्पना करता येते. मेरी यांनी पेटंटचे कागद ठेवून दिले आणि पुन्हा इमारतीच्या कारभारात लक्ष घातले.

वायपर सर्वमान्य कधी झाला?

पुढील पंधरा-वीस वर्षांत मोटारींची संख्या आणि वेग दोन्ही वाढले, पुढची काच सर्रास आली आणि पावसात न दिसण्याचा प्रश्न घरोघरचा झाला. १९१७ मध्ये शार्लट ब्रिजवूड यांनी विजेवर चालणाऱ्या वायपरचे पेटंट घेतले. बाजारात त्यांनाही यश आले नाही. इंजिनाच्या शोषणशक्तीवर चालणारे वायपर नंतर बरीच वर्षे प्रचलित होते. त्यांची अडचण अशी, की चढावर चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की ते मंदावत. घाटात, भर पावसात नेमके तेव्हाच वायपर सुस्तावणे किती घातक, हे वेगळे सांगायला नको. विजेच्या मोटरने हा प्रश्न सुटला.

१९२२ मध्ये कॅडिलॅक कंपनीने आपल्या मोटारींना वायपर मूळ रचनेचाच भाग म्हणून बसवायला सुरुवात केली. मेरी यांच्या पेटंटची १७ वर्षांची मुदत मात्र १९२० मध्येच संपली होती. भारतातही आज काच असलेल्या मोटारीला वायपर ही ऐच्छिक सोय नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ वायपरविषयीच आहे.

अँडरसन यांच्या हाती काय आले?

पैशांत मोजायचे तर काहीच नाही. थांबून थांबून फिरणाऱ्या वायपरचा शोध लावणारे डेट्रॉइटचे अभियंता रॉबर्ट कर्न्स यांनी फोर्ड कंपनीविरुद्ध दीर्घ न्यायालयीन लढा दिला आणि १९९० मध्ये सुमारे एक कोटी डॉलरची भरपाई मिळवली. मेरी यांना असा लढाही देता आला नाही, कारण वायपरला बाजार मिळाला तेव्हा त्यांचा हक्कच उरला नव्हता.

त्या अखेरपर्यंत बर्मिंगहॅममध्ये ‘फेअरमाँट’चा कारभार पाहत राहिल्या. २७ जून १९५३ रोजी टेनेसी राज्यातील माँटइगल येथील उन्हाळी घरी, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर जगभर कोट्यवधी मोटारींच्या काचांवर वायपर फिरत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक गौरव दालनात त्यांचे नाव २०११ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ५८ वर्षांनी समाविष्ट झाले.

त्यांच्या आराखड्यातून आजच्या चालकाने काय घ्यावे?

पहिली गोष्ट रबराची. मेरी यांच्या रचनेत पाऊस-बर्फ नसताना पट्टी काढून ठेवता येत होती. आजचा वायपर कायम काचेवर असतो. फेब्रुवारी ते मेच्या उन्हात तापलेल्या काचेला चिकटून त्याचे रबर कडक होते, चिरते, कडेने झिजते. म्हणून रबर जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर नव्हे, तर मेअखेरीस तपासावे. कड बोटाने चाचपून पाहावी. ती खरखरीत, तडकलेली किंवा कडक लागली तर ब्लेड बदलावे. सर्वसाधारणपणे वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर बदल करणे शहाणपणाचे. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाचेच ब्लेड घ्यावे. दोन्ही बाजूंचे माप अनेकदा वेगळे असते.

दुसरी गोष्ट दाबाची. रबर नवे असूनही काचेचा मधला पट्टा ओलाच राहत असेल, तर दांड्याची स्प्रिंग सैल झालेली असू शकते किंवा दांडा वाकलेला असतो. पाण्याच्या बारीक रेघा राहत असतील तर रबराच्या कडेला खाच पडली आहे किंवा कचरा अडकला आहे, असे समजावे. थरथरत, कर्कश आवाज करत वायपर फिरत असेल तर रबर कडक झाले आहे किंवा काचेवर तेलकट थर आहे. ब्लेड बदलताना काचेवर जाड कापड ठेवावे. उघडा लोखंडी दांडा सुटून आपटला तर काच तडकते.

तिसरी गोष्ट काचेची. भूगाव-पिरंगुट पट्ट्यात बांधकामाची धूळ, डंपरमधून सांडलेली माती आणि डिझेलचा धूर यांचा थर काचेवर रोज बसतो. पहिल्या सरीत त्याचा चिखल होतो. अशा कोरड्या धुळीवर वायपर फिरवला तर काचेवर ओरखडे पडतात आणि रात्री समोरच्या दिव्याचा प्रकाश त्या ओरखड्यांतून पसरतो. आधी पाण्याचा फवारा मारावा, मगच वायपर लावावा. काच साफ करण्याच्या द्रवाची टाकी भरलेली ठेवावी. आठवड्यातून एकदा काच धुवावी आणि रबराची कड ओल्या फडक्याने पुसावी. काचेवर तंबाखू किंवा बटाटा चोळण्याचा जुना उपाय वायपर बंद पडल्यावरची तात्पुरती सोय आहे. रोजच्या वायपरला तो पर्याय नव्हे.

घाटात एवढे पुरेसे आहे का?

नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. काच तीन सेकंद धूसर राहिली तर गाडी जवळजवळ ३३ मीटर अंदाजानेच चाललेली असते. तेवढ्या अंतरात पायी जाणारा माणूस, बंद पडलेली दुचाकी किंवा पाण्याने भरलेला खड्डा येऊ शकतो. म्हणून वायपर सर्वांत जलद लावूनही समोरचे दिसत नसेल तर वेग कमी करणे हाच उपाय. तरीही दिसेना, तर रस्त्यापासून पुरेशी बाजूला, वळण आणि दरड टाळून गाडी थांबवावी. चारही इंडिकेटर लावायचे ते थांबल्यावर. चालत्या गाडीला ते लावले तर मागच्याला वळण्याची खूणच कळत नाही.

ताम्हिणीच्या धुक्यात काच अनेकदा आतून धूसर होते. ती वायपरने साफ होत नाही. एसीची हवा काचेकडे वळवावी लागते. दुचाकीस्वाराच्या हेल्मेटच्या काचेला तर वायपरच नसतो, त्यामुळे घाटातील पावसात सर्वांत कमी दिसते ते त्यालाच, हे मोटारचालकाने ध्यानात ठेवावे.

न्यूयॉर्कच्या त्या ट्रामचालकापुढे बर्फ तोंडावर घेण्यावाचून मार्ग नव्हता. भूगाव ओलांडून घाटाकडे निघालेल्या चालकापुढे आहे. वायपर एकदा चालवून पाहण्याची योग्य जागा भूगाव-पिरंगुट ही आहे. तिथे दुकाने आहेत, गॅरेज आहेत, थांबायला जागाही आहे. रबर बदलायला काही मिनिटे लागतात, आणि मुळशी धरणाच्या पुढे पाऊस कोसळू लागला की समोरचे दिसणे त्याच रबराच्या कडेवर अवलंबून असते.