बर्फाने उष्णता मोजणारे लाव्हाझिए

थोर शास्त्रज्ञ आंतोन लाव्हाझिए यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी फ्रान्स देशात पॅरिस शहरी झाला. ते पाच वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील वकील होते. लाव्हाझिए पण वकिली शिकले, पण त्यांचं मन शास्त्रात रमलं. १७७१ साली त्यांचं लग्न झालं. पत्नी मारी तेव्हा फक्त १३ वर्षांच्या होत्या, म्हणजे आमच्या ताईएवढ्या. त्या इंग्रजी शिकल्या, चित्रकला शिकल्या आणि प्रयोगांत मदत करू लागल्या.

वस्तू जळताना हवेतला प्राणवायू घेते, हे लाव्हाझिए यांनी दाखवून दिलं. पण मला त्यांचा बर्फाचा प्रयोग फार आवडला, म्हणून तोच जास्त लिहिते.

चुलीजवळ बसलं की ऊब लागते. पण ती ऊब किती, हे कसं मोजायचं? ती काही तराजूत घालता येत नाही. लाव्हाझिए आणि त्यांचे मित्र लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात यासाठी एक भांडं वापरलं. मधे जाळीचा पिंजरा, त्याच्याभोवती बर्फ आणि बाहेरून आणखी एक बर्फाचा थर. दोन थर कशाला, ते मला कळेना. मग गुरुजींनी यात्रेतल्या बर्फगोळेवाल्याची आठवण करून दिली. बाहेरच्या हवेने वितळू नये म्हणून तो बर्फ गोणपाटात गुंडाळतो. तसा इथे बाहेरचा बर्फ खोलीची उष्णता अडवतो, आणि आतला बर्फ फक्त पिंजऱ्यातल्या उष्णतेने वितळतो. ते पाणी खालून काढून तोलायचं, की झाला हिशेब! कोळसा जाळला तर त्याच्या वजनाच्या सुमारे ९६ पट बर्फ वितळतो, असं त्यांना आढळलं.

मग त्यांनी पिंजऱ्यात एक गिनीपिग ठेवला. हा उंदरासारखा, पण बिनशेपटीचा प्राणी असतो. बिचारा १० तास बर्फात! मला त्याची फार दया आली. पण बाहेर काढला तेव्हा त्याचं अंग गरमच होतं. त्याच्यामुळे १३ औंस, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम बर्फ वितळला होता. तो श्वासातून जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, तेवढाच तयार होईल इतका कोळसा जाळला, तर साधारण साडेदहा औंस बर्फ वितळतो. आकडे अगदी जुळले नाहीत, पण जवळ आले. त्यावरून त्यांनी सांगितलं, की श्वास घेणं म्हणजे पण हळूहळू जळणंच आहे. धूर नाही, जाळ नाही, तरी आपलं अंग गरम राहतं ते त्यामुळे.

लाव्हाझिए हे राजासाठी कर वसूल करणाऱ्या कंपनीत भागीदार होते. लोकांचा त्या कंपनीवर फार राग होता. १७८९ साली फ्रान्समध्ये क्रांती झाली. पुढे ८ मे १७९४ रोजी कंपनीच्या २८ जणांना एकाच दिवशी मृत्युदंड दिला. त्यांत लाव्हाझिए होते आणि मारीचे वडील पण होते. हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा आई चूल फुंकायची थांबली. गरिबांकडून जास्त पैसे घेणं वाईटच, असं बाबा म्हणाले. पण म्हणून मारून टाकायला नको होतं, असं मला वाटतं.

त्यांची उपकरणं आणि कागद सरकारने जप्त केले होते. मारी यांनी ते परत मिळवले आणि नवऱ्याचं राहिलेलं लेखन छापून घेतलं. त्या १८३६ साली वारल्या.