एका गोलाचा धनी : जो गेटजेन्स



थोरांच्या चरित्राचा कोपरा या वेळी माझ्याकडे आला आहे. या कोपऱ्यात नेहमी राजे, संत, शास्त्रज्ञ आणि देशभक्त येतात. मी मात्र एक फुटबॉल खेळाडू निवडला. त्यांचे नाव जोसेफ एदुआर गेटजेन्स. सगळे त्यांना जो म्हणत. आपल्याकडे खो-खो, कबड्डी आणि क्रिकेट. फुटबॉल तसा परकाच! तरी शेवटपर्यंत वाचा, कारण ही हकीकत नुसत्या खेळाची नाही.

आधी नकाशा बघा. क्युबाच्या पूर्वेला एक मोठे बेट आहे. त्याच्या पश्चिम भागात हैती हा देश आहे व पूर्व भागात डोमिनिकन प्रजासत्ताक आहे. हैतीत फ्रेंचांचे उसाचे मळे होते. तिथे राबणाऱ्या गुलामांनी बंड केले, फ्रेंच फौजेला हरवले आणि १८०४ साली देश स्वतंत्र केला. या देशाची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स. तिथे १९ मार्च १९२४ रोजी गेटजेन्स यांचा जन्म झाला. घरची स्थिती चांगली होती. वयाच्या चौदाव्या वर्षी ते एत्वाल हैतियन या क्लबात दाखल झाले. या क्लबाने १९४२ व १९४४ साली देशातली अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली.

पण फुटबॉलवर पोट भरेल असे हैतीत नव्हते. घरोघरी आईवडील जे सांगतात तेच तिथेही, आधी शिक्षण! म्हणून १९४७ साली सरकारी शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकायला गेले. खर्च भागेना, तेव्हा त्यांनी एका हॉटेलात भांडी घासायचे काम धरले. संध्याकाळी भांडी आणि सुट्टीला फुटबॉल. ब्रुकहॅटन या संघाकडून खेळताना १९४९-५० च्या हंगामात त्यांनी १८ गोल केले. लीगमध्ये सर्वांत जास्त गोल त्यांचेच. ते पाहून अमेरिकेच्या निवड समितीने त्यांना विश्वचषकासाठी संघात घेतले. ते अमेरिकेचे नागरिक नव्हते. नागरिक होण्याची इच्छा आहे एवढे सांगितले तरी त्या वेळी तिथल्या संघटनेला चालत असे.

१९५० चा विश्वचषक ब्राझीलमध्ये होता. आपल्या भारतालाही त्या स्पर्धेत जागा मिळाली होती, पण आपला संघ गेला नाही. इंग्लंड मात्र पहिल्यांदाच उतरले होते. फुटबॉलचे नियम ज्यांनी घालून दिले तेच हे इंग्लंड. बिली राइट, टॉम फिनी, आल्फ रॅम्से असे एकाहून एक खेळाडू त्यांच्याकडे होते. आणि अमेरिकेचा संघ? वॉल्टर बार शाळेत शिक्षक, हॅरी कीओ पोस्टात टपाल वाटणारे, गोलरक्षक फ्रँक बोर्गी अंत्ययात्रेची गाडी चालवणारे. आमचे गेटजेन्स भांडी घासणारे. पालकहो, ही सगळी आपल्यासारखीच कष्टाची माणसे. नोकरीतून सुट्टी काढून ती खेळायला आली होती.

२९ जून १९५०. गाव बेलो होरिझोंते. सामना सुरू झाला तो इंग्लंडच्या हल्ल्यांनीच. चेंडू सारखा अमेरिकेच्या गोलासमोर. एकदा तर तो खांबाला लागून परत आला. बोर्गी यांनी कितीतरी फटके अडवले. मग ३८ व्या मिनिटाला बार यांनी लांबून जोराचा फटका मारला. इंग्लंडचे गोलरक्षक बर्ट विल्यम्स चेंडूच्या रोखाने सरकले. तेवढ्यात गेटजेन्स यांनी पुढे झेप घेतली. चेंडू त्यांच्या डोक्याला लागला, दिशा बदलली आणि विल्यम्स यांना चुकवून जाळ्यात गेला! पुढे इंग्लंडने जंग जंग पछाडले, पण गोल काही झाला नाही. अमेरिका १, इंग्लंड ०. प्रेक्षकांनी मैदानात धावत येऊन गेटजेन्स यांना खांद्यावर घेतले.

काही जण म्हणाले, चेंडू चुकून डोक्याला लागला. मला हे पटत नाही. चेंडू कुठे येईल हे ओळखून जमिनीवर झोकून द्यायला धाडस लागते. उभे राहून बघणाऱ्याच्या डोक्याला तो कसा लागेल? बरे, एवढा मोठा विजय, तरी अमेरिकेत त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. तिथला एकच बातमीदार सामन्याला होता, तोही स्वतःच्या खर्चाने आलेला.

विश्वचषकानंतर गेटजेन्स फ्रान्सला गेले. तिथे रेसिंग क्लब द पॅरिस व मग आलेस या संघांकडून खेळले. त्यानंतर ते मायदेशी परतले. डिसेंबर १९५३ मध्ये मेक्सिकोविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यात ते हैतीकडून खेळले. म्हणजे दोन देशांचा गणवेश त्यांनी अंगावर घातला! पुढे त्यांनी लग्न केले, तीन मुलगे झाले. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगचे दुकान टाकले आणि संसाराला लागले.

इथून पुढचे लिहिताना मला वाईट वाटते. १९५७ साली हैतीत निवडणूक झाली. फ्रान्स्वा द्युवालिए हे डॉक्टर निवडून आले. गेटजेन्स यांच्या घरच्यांनी त्यांच्या विरोधातल्या लुई देज्वा या उमेदवाराला पाठिंबा दिला होता. द्युवालिए यांनी तोंताँ माकूत नावाची स्वतःची हत्यारबंद टोळी उभी केली. विरोध करणारा माणूस रात्रीतून नाहीसा होई. १९६४ साली द्युवालिए यांनी स्वतःला तहहयात अध्यक्ष करून घेतले. गेटजेन्स यांचे भाऊ देशाबाहेर राहून त्यांच्या विरोधात काम करत होते. घरातले इतर लोक देश सोडून गेले. गेटजेन्स मात्र राहिले. आपण राजकारणात नाही, आपण खेळाडू, आपल्याला कोण काय करणार, असे त्यांना वाटले.

८ जुलै १९६४ रोजी सकाळी तोंताँ माकूतच्या माणसांनी त्यांना धरून नेले. फोर्ट दिमांश नावाच्या तुरुंगात त्यांना टाकले असे सांगतात. त्या तुरुंगातून फार थोडे लोक जिवंत परत आले. गेटजेन्स परत आले नाहीत. तेव्हा ते अवघे ४० वर्षांचे होते. चौकशी नाही, खटला नाही. घरच्यांना त्यांचा देहही मिळाला नाही, त्यामुळे कुठे समाधीसुद्धा नाही.

१९७१ साली द्युवालिए वारले. त्यांच्या मागून गादीवर बसलेल्या मुलाला १९८६ साली देश सोडून पळावे लागले. गेटजेन्स यांना मात्र मान मिळत गेला. १९७६ साली अमेरिकेने फुटबॉलच्या गौरव मंडळात त्यांचे नाव घातले. त्यांच्या मुलाने वडिलांवर पुस्तक लिहिले. १९७४ साली हैतीचा संघ प्रथमच विश्वचषकात खेळला. ते पाहायला गेटजेन्स असते तर पन्नास वर्षांचे असते.

मित्रमैत्रिणींनो, मला या चरित्रातून दोन गोष्टी कळल्या. एक, भांडी घासणारे हात आणि विश्वचषकात गोल करणारे डोके एकाच माणसाचे असू शकते, म्हणून कोणाच्याही कामाला हलके म्हणू नये. दुसरी गोष्ट नागरिकशास्त्राची आहे. एकाच माणसाच्या हातात सगळी सत्ता गेली आणि त्याला विचारणारे कोणी उरले नाही, की जो काहीच करत नाही तोही सुरक्षित राहत नाही. आपल्या पुस्तकात न्यायालय, मतदान आणि मूलभूत हक्कांचा धडा आहे. तो परीक्षेपुरता पाठ करायचा, असे आपण म्हणतो. ते हक्क गेटजेन्स यांना मिळाले असते तर ते दुकान चालवत म्हातारे झाले असते आणि नातवंडांना त्या एका गोलाची गोष्ट सांगत बसले असते.

ती गोष्ट त्यांना सांगता आली नाही, म्हणून मी तुम्हाला सांगितली.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी